आभाळाची खबर (भाग ६) : फुगा नागपुरात, प्रश्न यवतमाळचा

मृग लागतो, ढग दाटतात, वाराही सुटतो आणि थेंब पडत नाही. दारव्हा-दिग्रसकडे पेरणीच्या तोंडावर हे नवीन नाही. जमिनीलगतची हवा दमटच असते. घोटाळा बहुधा तीन ते पाच किलोमीटर उंचीवर होतो. तिथे कोरडी हवा घुसली की ढग वाढता वाढताच विरून जातो. सरकी टाकावी की थांबावं, हे त्या मधल्या थरावर ठरतं.

तो मोजायचा जुना आणि आजही खात्रीचा उपाय म्हणजे फुगा. नागपूरहून रोज दोनदा सोडलेल्या फुग्याचं यंत्र वर जाता जाता तापमान, आर्द्रता, दाब कळवतं. पण नागपूर यवतमाळपासून सुमारे दीडशे किलोमीटर, आणि दोन फुग्यांत बारा तासांचं अंतर. ही पोकळी उपग्रहावरचा साउंडर, म्हणजे वरून हवेचे थर मोजणारं यंत्र, भरतो. आपला पहिला साउंडर जुलै २०१३ मध्ये इन्सॅट-३डीसोबत वर गेला. त्यामागून २०१६ मध्ये ३डीआर आणि २०२४ मध्ये ३डीएस.

आता हे उपग्रह असतात त्या छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून थर्मामीटर लावता येत नाही. साउंडर फक्त खालून येणारे अवरक्त किरण मोजतो, तेही १८ वेगवेगळ्या पट्ट्यांत. १५ मायक्रॉनच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हे किरण शोषतो. जिथे शोषण सर्वांत जोरदार, तिथे उपग्रहापर्यंत वरच्या थरांचेच किरण पोचतात. त्या पट्ट्यापासून बाजूला सरकावं तसतसे खालचे थर दिसू लागतात. बाष्पासाठी असेच सहा-सात मायक्रॉनचे पट्टे आहेत.

या आकड्यांवरून थरांचं तापमान काढायचं, तर एकाच हिशेबाची अनेक उत्तरं निघतात. म्हणून संगणकातलं प्रारूप आधी स्वतःच्या अंदाजावरून उपग्रहाला किती किरण दिसायला हवेत ते काढतं, प्रत्यक्षातला फरक पाहतं आणि आपल्या हवेत दुरुस्ती करतं. नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम अवधी हवामान अंदाज केंद्रात हे काम चालतं. उपग्रहांचं कौतुक खूप होतं. माझ्या मते खरी करामत या दुरुस्तीची आहे.

अडचण ढगांची. अवरक्त किरणांना ढगाखालचं दिसत नाही. मार्चमधल्या गारपिटीआधी सकाळी आभाळ मोकळं असेल, तर खालची तापलेली आणि वरची थंड हवा साउंडर टिपतो. वादळाचा इशारा देताना त्याचा उपयोग होतो. पण २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुरानं वेढलं, हवाई दलाची मदत मागवावी लागली. तशा दिवसांत जिल्ह्यावर ढगांचं जाड छत असतं. मग मदार ध्रुवीय कक्षेतल्या उपग्रहांच्या मायक्रोवेव्ह साउंडरवर. त्यांच्या लहरी बऱ्याचशा ढगांतून पार होतात, पण असा एक उपग्रह एका जागेवरून दिवसातून साधारण दोनदाच जातो आणि मुसळधार पावसात त्याचीही नजर अडते.

शिवाय साउंडरचा एकेक ठिपका इन्सॅटवर किमान दहा किलोमीटरचा. पाऊस नेमका कोणत्या शिवारावर कोसळतोय हे त्याला विचारू नये. ते काम रडारचं. पुढच्या भागात नागपूरच्या रडारकडे वळू.