वाऱ्याला ऑटोपायलट नसतो

बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. प्रमाणपत्रधारक पायलट मात्र आहेत. दहावी पास, वय १८ ते ६५ आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण, एवढ्यावर ‘रिमोट पायलट’चं प्रमाणपत्र मिळतं आणि ते दहा वर्षं चालतं. त्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. महिलांच्या १५ हजार बचत गटांना फवारणीचे ड्रोन, किमतीच्या ८० टक्के म्हणजे कमाल ८ लाखांचं अनुदान, एकूण तरतूद १,२६१ कोटी. ऊसतोडीच्या जिल्ह्यातल्या या बायकांवर संपादकांना लेख हवा होता. ‘कोयत्याकडून रिमोटकडे’ हे शीर्षकही त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

गेवराई तालुक्यातल्या कपाशीच्या एका शेतात मी पोचलो, तेव्हा ड्रोन अजून जमिनीवरच होता आणि पायलटताई शेतमालकाशी हुज्जत घालत होत्या. “काका, ट्रॅक्टर लांब घ्या आधी. लोखंड जवळ असलं की याला दिशा कळत नाही.” ट्रॅक्टर हलला. मग ताईंनी आणि त्यांच्या मदतनीसानं ड्रोन दोन्ही बाजूंनी उचलला आणि स्वतःभोवती एक सावकाश गिरकी घेतली. नंतर त्याचं नाक जमिनीकडे करून दुसरी. देवाची मूर्ती हलवावी इतक्या जपून चाललं होतं ते. टॅबलेटवर हिरवी खूण उमटली तेव्हाच त्यांनी तो खाली ठेवला.

हे होकायंत्राचं जुळवून घेणं. ड्रोनच्या पोटातला ऑटोपायलट चार-पाच ‘साक्षीदारां’वर चालतो. जायरोस्कोप कलल्याचं सांगतो, रडार पिकापासूनची उंची सांगतं, उपग्रह जागा सांगतात. पण नाक कुठल्या दिशेला आहे हे एका जागी तरंगणाऱ्या ड्रोनला उपग्रह सहसा सांगू शकत नाहीत. ते काम चुंबकीय होकायंत्राचं. त्यानं चुकीची साक्ष दिली तर ड्रोन जागेवर थांबायच्या धडपडीत उलट वाढत्या गोलात फिरायला लागतो. बाकी सगळे साक्षीदार खरे बोलत असले तरी.

साक्षीवर विसंबून हात सोडण्याची ही गोष्ट शंभरहून अधिक वर्षं जुनी आहे. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन तरुणानं परीक्षकांसमोरून विमान नेलं, ते दोन्ही हात वर करून. त्याचा मदतनीस एमिल काशां पंखावर चालत गेला, तरी जायरोस्कोपांच्या जोरावर विमान सरळच राहिलं. स्पेरीला ५० हजार फ्रँकचं बक्षीस मिळालं. तेव्हा जायरोस्कोप म्हणजे गरगर फिरणारी जड चाकं होती. आज तेच काम नखाएवढी चिप करते आणि तिच्या सांगण्यावरून पंख्यांचा वेग सेकंदाला शेकडो वेळा बदलतो.

गेवराईत ते प्रत्यक्ष दिसलं. ताईंनी शेताच्या कडा टॅबलेटवर नोंदवल्या, बांधावरचं लिंबाचं झाड अडथळा म्हणून वगळलं आणि बटण दाबलं. पिकावर दोन-अडीच मीटर उंची धरून ड्रोन सरळ रेषेत निघाला, टोकाला सरकला, परत फिरला. दहा लिटरची टाकी संपल्यावर स्वतःच माघारी आला आणि भरून दिल्यावर नेमका सोडलेल्या जागेपासून पुढे लागला. पाठीवरच्या पंपानं एकराला दीड-दोनशे लिटर पाणी लागतं. इथे दहाएक लिटरमध्ये भागतं. शिवाय विषाच्या फवाऱ्यातून माणसाला चालावं लागत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधेनं वीसेक माणसं गेली, हे आठवलं की या यंत्राचं कौतुक आखडतं घ्यावंसं वाटत नाही.

पण कमी पाण्यात तेवढंच औषध, म्हणजे द्रावण तीव्र आणि थेंब बारीक. ऑटोपायलट वाऱ्यात स्वतःची रेषा सोडत नाही. नोझलमधून सुटलेल्या थेंबाला मात्र ऑटोपायलट नसतो. आणि बीड हा रेशीम शेतीत राज्यातल्या आघाडीच्या जिल्ह्यांपैकी एक. कपाशीवरचं कीटकनाशक शेजारच्या तुतीवर गेलं आणि तो पाला अळ्यांनी खाल्ला, तर अख्खी बॅच जाते. उड्डाणाच्या नोंदीत ड्रोन हद्दीबाहेर गेलाच नाही असं दिसेल, आणि ते खरंही असेल. मग भरपाई कुणी द्यायची?

दुसरी काळजी हाताच्या सवयीची. साक्षी जुळेनाशा झाल्या की ऑटोपायलट कारभार माणसाच्या हाती देतो, आणि तोही नेमका अवघड क्षणी. १ जून २००९ रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या विमानात वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साठला आणि ऑटोपायलट सुटला. अनुभवी वैमानिकांना विमान सावरता आलं नाही. २२८ जण दगावले. ड्रोनचा उपग्रहांशी संपर्क तुटला तर तो वाऱ्याबरोबर वाहू लागतो आणि तारा, झाडं चुकवत हातानं उतरवावा लागतो. योजनेतल्या पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणात पायलटच्या प्रशिक्षणाचे दिवस पाच. हंगाम संपला की ड्रोन पेटीत आणि हाताची सवयही.

दुपारी वारा फिरला. शेवटच्या तुकड्याआधी ताईंनी विचारलं, “काका, पलीकडं तुती कुणाची?” काका म्हणाले, “भावकीचीच हाय, मारा तुम्ही.” ताईंनी बॅटरी काढून ठेवली आणि पहाटे येते म्हणाल्या. काका नाराज झाले. पहाटेपर्यंत दुसरा कुणी फवारून गेला तर ताईंचं भाडंही बुडणार होतं. गावोगावच्या तुतीच्या नोंदी टॅबलेटवर चढवता येतील, हंगामाआधी हातानं उडवण्याची उजळणी सक्तीची करता येईल. दोन्ही व्हायला हवं. पण भाडं एकरावर मिळतं, आणि या पायलटचं सगळ्यात मोलाचं काम न फवारलेल्या एकरात असतं. त्याचे पैसे आज कुठल्याच योजनेत नाहीत.