चिमटा बाइकचा, ब्रेक सायकलचा!

सोमवार ते शुक्रवार कोडिंग, वीकएण्डला ग्रीस! आमच्या ग्रुपमधल्या एकाचा सध्या हाच फंडा आहे. जुन्या बाइकचा जाडजूड चिमटा त्याने सायकलला बसवलाय. आता त्यात ड्रम ब्रेकवालं सायकलचं चाक लावायचंय. लुक एकदम हटके! पण बॉस, काम वाटतं तितकं सोपं नाही.

सायकलचं पुढचं हब साधारण १०० मिलीमीटर रुंद, अ‍ॅक्सल जेमतेम ९-१० मिलीमीटर जाड. बाइकच्या चिमट्यात जागा जास्त, भोकंही मोठी. म्हणजे लेथवाल्याकडून मापाचे बुश आणि स्पेसर करून घेणं आलं. नुसते वॉशर कोंबून चालत नाही.

खरं टेन्शन मात्र एका छोट्या पट्टीचं. ब्रेक दाबला की लायनर ड्रमला घासतात आणि ड्रम अख्खी ब्रेक प्लेटच सोबत फिरवू बघतो. तिला रोखते ही पट्टी, म्हणजे टॉर्क आर्म. ती निसटली तर ब्रेक गेलाच म्हणून समजा! शॉकअपच्या चिमट्यात ती चाकाबरोबर वर-खाली होणाऱ्या खालच्या नळीलाच पक्की बोल्ट करायची, वरच्या नळीला नाही.

मित्राला पुढे मोटरही बसवायची होती. पण वेग दुप्पट झाला की ब्रेकवरचा भार चौपट होतो, आणि सायकलचा ड्रम असतो ७० किंवा ९० मिलीमीटरचा. मोटरचा प्लॅन कॅन्सल! पहिली राइड सोसायटीच्या पार्किंगमध्ये, अगदी चालण्याच्या वेगाने. स्टाइल मारायची तर आधी थांबता आलं पाहिजे ना!