ॲसिटिलकोलीन आणि अवधान

महाशिवरात्रीस कोल्हापुरातील शिवमंदिरांत धोत्र्याचे फूल वाहिले जाते. त्याच धोत्र्याचे बी पोटात गेले असता मनुष्य समोर नसलेल्या व्यक्तीशी बोलू लागतो, अंगावरील वस्त्र उगाच चिमटीत धरून ओढतो. जवळ उभे राहून हाक मारणाऱ्याकडे मात्र त्याचे लक्ष लागत नाही. यास नुसती बेशुद्धी म्हणता येणार नाही. धोत्र्यातील ॲट्रोपीन व स्कोपोलामीन ही द्रव्ये ॲसिटिलकोलीनचे मस्करिनी ग्राहक अडवून धरतात, आणि अवधानाची घडीच विस्कटते.

चेतातंतूचा संदेश रासायनिक द्रव्याच्या द्वारे पोचतो, हे ओटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखविले. ते द्रव्य ॲसिटिलकोलीनच होते. हृदयाची गती मंद करणारे हे द्रव्य मेंदूत निराळ्या कामी येते. अग्रमेंदूच्या तळाशी असलेल्या पेशी ते बाह्यकात सर्वत्र पोचवितात. तेथे इंद्रियांकडून थॅलॅमसमार्गे येणाऱ्या संदेशांस निकोटिनी ग्राहकांद्वारे बळ मिळते, तर बाह्यकातील पेशींच्या आपसांतील संदेशांस मस्करिनी ग्राहकांद्वारे आवर बसतो. महाद्वार रोडवरील गर्दीत सोबत्याचे बोलणे कळते, ते त्याचा आवाज चढल्यामुळेच असे नाही. बाहेरून येणारे ठळक होते व आतले कल्पनाजाल मागे सरते. धोत्र्याच्या विषबाधेत नेमके उलट घडते, असे म्हणता येईल.

ही विभागणी आकर्षक असली तरी पुरेशी नाही. मराठी भाषा 'लक्ष जाणे' व 'लक्ष देणे' असा भेद करते. यांपैकी दुसऱ्याचा उलगडा केवळ संदेश ठळक होण्याने होत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या माकडांवरील प्रयोगात दृष्टिबाह्यकात ॲसिटिलकोलीन सोडताच, लक्ष दिल्यामुळे पेशींच्या प्रतिसादात पडणारा फरक वाढला. स्कोपोलामीनने तो घटला. निकोटिनी ग्राहक अडवून मात्र तसा परिणाम झाला नाही. म्हणजे ज्यांस केवळ आवर घालणारे मानावे, त्या मस्करिनी ग्राहकांचाच हेतुपुरस्सर अवधानात मोठा वाटा दिसतो.

अल्झायमर विकारात अग्रमेंदूच्या तळाच्या याच पेशी झिजतात. डोनेपेझिल हे औषध ॲसिटिलकोलीनचे विघटन रोखते. त्याने गुण येतो, पण बेताचाच. उलट ॲलर्जीवरील काही जुनी औषधे धोत्र्याप्रमाणेच मस्करिनी ग्राहक अडवितात. म्हणून एखाद्या वृद्धाचे बोलणे अकस्मात भरकटू लागले, तर वार्धक्यास दोष देण्यापूर्वी त्याच्या उशाशी कोणत्या गोळ्या आहेत, ते पाहावे लागते.