माळी बोलला, देश ऐकत राहिला

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष एका बड्या वित्तसंस्थेच्या प्रमुखाला भेटायला त्याच्या घरी आले आहेत. यजमान वयोवृद्ध आणि आजारी आहे, पण त्याचा शब्द अजून चालतो. खोलीत आणखी एक पाहुणा बसला आहे. अंगात उत्तम शिवलेला सूट, चेहरा शांत, बोलणं मोजकं. देशाची आर्थिक घडी विस्कटलेली असल्यामुळे राष्ट्राध्यक्ष त्यालाही त्याचं मत विचारतात. पाहुणा जरा थांबतो आणि बागेबद्दल बोलू लागतो. ऋतू कसे एकामागून एक येतात, मुळं टिकली तर झाड पुन्हा कसं धरतं, असं काहीबाही. राष्ट्राध्यक्षांना वाटतं, मंदीवर इतकं आश्वासक भाष्य आपण कित्येक दिवसांत ऐकलेलं नाही. लगेच पुढच्या भाषणात ते या पाहुण्याचा दाखला देतात. पाहुणा मात्र खरोखरच बागेबद्दल बोलला होता. तो माळी आहे. त्याला लिहिता-वाचता येत नाही, आणि अर्थव्यवस्था हा शब्द त्याने ऐकला असेल तर टीव्हीवरच.

जर्झी कोसिन्स्की यांच्या ‘बीइंग देअर’ या १९७०च्या छोट्या कादंबरीतला हा प्रसंग. टीव्ही, राजकारण आणि सार्वजनिक प्रतिमा यांच्यावरचं उपहासात्मक लेखन पुष्कळ झालं आहे, पण माझ्या मते या कादंबरीइतका नेमका घाव फार थोड्या पुस्तकांनी घातला. दुर्दैवाने तिची ओळख बहुतेक वेळा ‘एक मतिमंद माणूस मोठा नेता होतो’ एवढ्या एका ओळीत करून दिली जाते. ती ओळख चुकीची आहे. कोसिन्स्की माळ्याला हसत नाहीत. त्यांची नजर त्याचं बोलणं ऐकणाऱ्यांवर आहे.

माळ्याचं नाव चान्स. एका श्रीमंत म्हाताऱ्याच्या घरात तो लहानाचा मोठा झाला, फाटकाबाहेर कधी गेला नाही. बाग आणि टीव्ही हेच त्याचं जग. म्हातारा मरतो, वकील घराचा ताबा घेतात आणि चान्सची कुठल्याच कागदावर नोंद नसल्याने त्याला बाहेर पडावं लागतं. अंगावर म्हाताऱ्याचे जुने, पण उंची कपडे. लगेचच एका आलिशान मोटारीचा त्याला धक्का बसतो आणि मोटारीची मालकीण त्याला उपचारासाठी आपल्या घरी, म्हणजे सुरुवातीच्या प्रसंगातल्या त्या आजारी यजमानाच्या घरी, नेते. हाल अ‍ॅशबी यांनी १९७९मध्ये या कादंबरीवर काढलेल्या चित्रपटात या अपघाताला एक विलक्षण जोड आहे. दुकानाच्या काचेआड कॅमेरा लावलेला असतो आणि रस्त्यावरच्या माणसाची छबी टीव्हीच्या पडद्यावर दिसत असते. चान्स पडद्यात स्वतःला बघतो, नीट दिसावं म्हणून मागे मागे सरकतो आणि मोटारीच्या मध्ये येतो. मोटारीत नाव विचारल्यावर तो ‘चान्स, माळी’ असं सांगतो. बाई ‘चॉन्सी गार्डिनर’ असं ऐकते. त्या कपड्यांतल्या माणसाचं नाव असंच असणार, हे तिने आधीच ठरवलेलं असतं.

पुढे जे घडतं ते सगळं याच रीतीने घडतं. एका मेजवानीत सोव्हिएत राजदूत त्याच्याशी रशियन बोलून बघतो. परक्या भाषेचा आवाज ऐकून चान्सला हसू येतं, आणि राजदूत खूणगाठ बांधतो की याला रशियन साहित्य चांगलं ठाऊक आहे. एक प्रकाशक पुस्तक मागतो. चान्स प्रामाणिकपणे सांगतो की मला लिहिता येत नाही. प्रकाशकाला त्यात काहीच अडचण दिसत नाही; लिहायला माणसं ठेवता येतात. वाचता येत नाही हेही तो सांगून टाकतो, तर हल्ली वाचायला सवड कुणाला असते म्हणून प्रकाशक दुजोरा देतो. चान्स एकदाही खोटं बोलत नाही, आणि या गोष्टीचं मर्म मला तिथेच सापडतं. फसवणूक झाली आहे, पण फसवणारा कुणी नाही. प्रत्येकाने आपल्याला हवं ते त्याच्या तोंडी घातलं आहे.

मग त्याला टीव्हीवर बोलावलं जातं. तिथे तो तेच बोलतो, बाग, हंगाम, मशागत, आणि एका रात्रीत घराघरांत पोहोचतो. कोसिन्स्कींनी हे लिहिलं तेव्हा अमेरिकेने टीव्हीचा पराक्रम नुकताच अनुभवला होता. २६ सप्टेंबर १९६० रोजी केनेडी आणि निक्सन यांची पहिली वादचर्चा सुमारे ७ कोटी लोकांनी पाहिली. नुकतेच इस्पितळातून उठलेले निक्सन पडद्यावर ओढलेले, घामेजलेले दिसले, केनेडी टवटवीत. निक्सन यांनी तो धडा पक्का गिरवला. १९६८च्या प्रचारात त्यांनी पत्रकारांच्या गराड्याऐवजी स्टुडिओतले कार्यक्रम निवडले. निवडून बसवलेले नागरिक प्रश्न विचारणार, समोर आपल्या बाजूचा प्रेक्षकवर्ग आणि मध्ये उभे निक्सन. या कार्यक्रमांचा निर्माता होता रॉजर एल्स, ज्याने पुढे १९९६मध्ये फॉक्स न्यूज उभी केली. जो मॅकगिनिस या तरुण पत्रकाराने त्या चमूबरोबर राहून पडद्यामागचं सगळं टिपलं आणि ‘द सेलिंग ऑफ द प्रेसिडेंट १९६८’ हे पुस्तक १९६९मध्ये बाहेर आलं. पुढच्याच वर्षी चान्स आला. मॅकगिनिसच्या वृत्तांतात निदान विकणारे तरी आहेत. चान्सच्या गोष्टीत विक्रेत्याचीही गरज उरलेली नाही.

कोसिन्स्कींवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. ते मूळचे पोलंडचे, जन्म १९३३चा, लोड्झ शहरातला. पोलंडमध्ये टादेउश दोवेंगा-मोस्तोविच यांची ‘निकोदेम डिझ्माची कारकीर्द’ ही कादंबरी १९३२पासून घराघरांत वाचली जात होती. त्यात एका बेकार माणसाला सरकारी मेजवानीचं हरवलेलं निमंत्रण सापडतं. तो पोटभर खायला म्हणून जातो. धक्का लागून त्याच्या हातातली बशी पडते, तो धक्का देणाऱ्यावर खेकसतो, आणि एवढ्या मोठ्या माणसावर खेकसणारा हा कुणी तरी भारी असामी असणार, असं उपस्थितांना वाटतं. तिथून तो थेट बँकेच्या अध्यक्षपदापर्यंत जातो आणि शेवटी त्याला पंतप्रधानपद देऊ करतात. कोसिन्स्कींनी हीच गोष्ट उचलली, असं पोलिश वाचक म्हणत आले. सांगाडा एकच आहे, हे मान्य करावंच लागतं. पण दोन्ही नायक शेजारी ठेवले की मधल्या चाळीसेक वर्षांत काय बदललं ते दिसतं. डिझ्मा आडदांड आहे, लबाड आहे, पैसे खातो, सुगावा लागलेल्याचा काटा काढतो. दिवाणखान्यांतून, कारस्थानांतून त्याला एकेक पायरी चढावी लागते. चान्सला काहीच करावं लागत नाही. डिझ्माला लोक भेटतात, चान्सला लोक बघतात. टीव्हीने राजकारणात घातलेली भर नेमकी ही आहे: न भेटता ओळख होते, आणि ती ओळख खऱ्या ओळखीइतकीच पक्की वाटते.

ही ओळख आपल्या देशातही मतपेटीपर्यंत गेली. ‘महाभारत’ मालिकेत कृष्ण झालेले नीतीश भारद्वाज मुंबईचे मराठी कलावंत, शिक्षणाने पशुवैद्य. १९९६मध्ये ते भाजपकडून निवडून आले ते दूरच्या जमशेदपूरमधून. त्याआधी १९९१मध्ये ‘रामायण’मधली सीता, म्हणजे दीपिका चिखलिया, बडोद्यातून लोकसभेत गेल्या होत्या. याचा अर्थ भाबड्या जनतेने देव समजून मतं दिली, असा लावणं फार सोपं आहे. पण त्याच १९९१च्या निवडणुकीत, त्याच पक्षाकडून, गुजरातमधल्याच साबरकांठातून अरविंद त्रिवेदीही निवडून आले होते, आणि त्यांनी रावण केला होता. म्हणून मला वाटतं की भक्तीइतकंच इथे परिचयाने काम केलं. दर रविवारी सकाळी घरात येणारा माणूस घरचा होऊन जातो, मग तो अयोध्येचा असो की लंकेचा.

युक्रेनमध्ये तर कथा आणि निवडणूक यांच्यात भिंतच उरली नाही. ‘जनतेचा सेवक’ या २०१५च्या विनोदी मालिकेत इतिहासाचा एक शिक्षक भ्रष्टाचारावर तावातावाने बोलतो, एक विद्यार्थी ते गुपचूप चित्रित करतो, ते सगळीकडे पसरतं आणि शिक्षक राष्ट्राध्यक्ष होतो. ही भूमिका करणाऱ्या वोलोदिमिर झेलेन्स्की यांनी मालिकेच्याच नावाच्या पक्षातर्फे निवडणूक लढवली आणि एप्रिल २०१९मध्ये दुसऱ्या फेरीत ७३ टक्के मतं मिळवली. मतदानाच्या तोंडावर मालिकेचे नवे भाग चालू होते. झेलेन्स्की चान्ससारखे कोरे नव्हेत. ते कसलेले कलावंत होते आणि पुढे युद्धात जे ठामपणे उभे राहिले, ते कुठल्याही पटकथेत नव्हतं. पण २०१९च्या मतदाराजवळ त्यांच्या कारभाराचा पुरावा काय होता? एका काल्पनिक शिक्षकाचा प्रामाणिकपणा. पडद्यावरच्या माणसाचा भूतकाळही लेखक लिहून देऊ शकतो, इथवर कोसिन्स्कींची कल्पनाही पोहोचली नव्हती.

त्यांची कल्पना उलट दिशेने गेली होती. चान्सची माहिती काढायला सरकारी यंत्रणा जंग जंग पछाडतात. सोव्हिएत बाजूही शोध घेते. हाती काही लागत नाही. कर नाही, बँकेचं खातं नाही, शाळेचा दाखला नाही. हे कोरेपण संशयास्पद वाटण्याऐवजी त्याचं मोल वाढवतं. ज्याने आजवर काही केलंच नाही, त्याच्याविरुद्ध बोलणार काय?

आणि ज्यांना खरं माहीत आहे, त्यांचं काय होतं? चित्रपटात अशा दोन व्यक्ती मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. एक लुईज, त्याला लहानपणापासून जेवू घालणारी कृष्णवर्णीय मोलकरीण. ती टीव्हीवर त्याला बघून चकित होते, संतापते आणि भोवतीच्यांना सांगते की या देशात गोरं असलं की पुरे. तिचं म्हणणं त्या खोलीबाहेर जात नाही, कारण तिच्याकडे कुणी कॅमेरा वळवणार नाही. दुसरा, त्या आजारी यजमानाचा डॉक्टर. त्याने शोध घेऊन सत्य काढलेलं असतं. सांगायला म्हणून तो रुग्णाच्या खाटेजवळ जातो, पण चान्सच्या सहवासात म्हाताऱ्याला मरण सोपं वाटू लागलं आहे हे ऐकून गप्प बसतो. त्या गप्प बसण्यात माया आहे, आणि म्हणूनच ते इतकं घातक आहे. अशी समंजस मौनं एकावर एक रचत गेली की माळी सत्तेच्या दारात उभा राहतो.

चान्सची भूमिका मिळावी म्हणून पीटर सेलर्स कित्येक वर्षं कोसिन्स्कींच्या मागे होते. चित्रपट आल्यावर वर्षभरातच, जुलै १९८०मध्ये, ते गेले. चित्रपटाच्या शेवटी चान्स तळ्याच्या पाण्यावरून चालत जातो आणि त्या दृश्यावर समीक्षकांची बरीच शाई खर्ची पडली. मला कादंबरीतली अखेरची बैठक अधिक मोलाची वाटते. पक्षाचे कर्तेधर्ते उपराष्ट्राध्यक्षपदासाठी माणूस शोधत असतात. एकेक नाव गळत जातं, कारण प्रत्येकाने कधी ना कधी काही केलेलं असतं, बोललेलं असतं. मग चान्सचं नाव निघतं. टीव्हीवर चांगला दिसतो, मागचं काही नाही. चमत्कार वगैरे काही न घडता, साध्या हिशेबाने निर्णय होतो. कादंबरी जेमतेम दीडशे पानांची आहे. चित्रपटाच्या आधी ती वाचावी, कारण एकदा सेलर्सचा चेहरा डोळ्यांत बसला की चान्सला दुसरा चेहरा देता येत नाही. आणि आपण त्याला कसला चेहरा देतो, कसले कपडे चढवतो, कुठल्या नेत्याच्या आवाजात त्याला बोलायला लावतो, हे वाचतानाच ध्यानात येतं.