अंक मोजा, ताळा करा!

१ ते १०० या संख्या लिहिताना ९ हा अंक किती वेळा लिहावा लागतो? शिष्यवृत्ती परीक्षेपासून पोलीस भरतीपर्यंत हा प्रश्न या ना त्या रूपाने आपल्या मुलामुलींपुढे येतो. कुणी चटकन दहा म्हणतो, कुणी विचार करून एकोणीस म्हणतो. बरोबर उत्तर आहे वीस. एका गुणाने नाव यादीच्या खाली गेले की घरात काय होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून या लहानशा प्रश्नाकडे नीट पाहू.

गाईडांमध्ये एक तक्ता असतो. १ ते १०० मध्ये १ हा अंक २१ वेळा, २ ते ९ हे अंक प्रत्येकी २० वेळा आणि शून्य ११ वेळा. तक्ता खरा आहे, मुले तो घोकतातही. पण परीक्षकाने १०० च्या जागी ३५० घातले की घोकलेले सारे वाया जाते. तक्ता कसा तयार झाला हे ज्याला कळले, त्याला कोणताही आकडा घाला, तो अडत नाही.

एकक, दशक, शतक

रीत सोपी आहे. एकेका स्थानाचा वेगळा हिशेब करायचा. एकक स्थानी ९ येतो तो ९, १९, २९ असे करत ९९ पर्यंत, म्हणजे १० वेळा. दशक स्थानी येतो तो ९० ते ९९ मध्ये, आणखी १० वेळा. एकूण २०. दहा म्हणणारा दशक विसरतो. एकोणीस म्हणणारा ९९ एकदाच धरतो, त्यात तर ९ दोनदा आहे. मात्र ‘९ हा अंक असलेल्या संख्या किती?’ असे विचारले असेल, तर एकोणीस हेच उत्तर बरोबर! म्हणून प्रश्नात ‘अंक किती वेळा’ आहे की ‘संख्या किती’ आहे, हे आधी दोनदा वाचावे.

आता १ ते ३५० मध्ये ३ किती वेळा येतो ते पाहू. एकक स्थानी दर दहा संख्यांत एकदा, म्हणून ३५ वेळा. दशक स्थानी ३० ते ३९, १३० ते १३९, २३० ते २३९ आणि ३३० ते ३३९, म्हणून ४० वेळा. शतक स्थानी ३०० ते ३५०, म्हणजे ५१ वेळा. पन्नास नव्हे, कारण ३०० ही संख्याही मोजायची. एकूण १२६.

२५१ ते ३५० एवढेच विचारले तर? १ ते २५० मध्ये ३ येतो ५५ वेळा. १२६ मधून ५५ वजा करा, ७१ उरतात. वजा करताना २५० पर्यंतचे करायचे, २५१ पर्यंतचे नाही.

शून्याची गोष्ट वेगळी. सात लिहिताना आपण ०७ लिहीत नाही. पुढे शून्य लिहायचे नसल्यामुळे ते मागे पडते. १ ते ९९९ मध्ये बाकीचे नऊ अंक प्रत्येकी ३०० वेळा येतात, शून्य फक्त १८९ वेळा.

खोल्यांचे क्रमांक

ही नुसती परीक्षेची करामत नाही. समजा, ८० खोल्यांच्या चाळीत दारांवर लावायला पत्र्याचे सुटे अंक आणायचे आहेत. १ ते ९ या नऊ दारांना एकेक अंक आणि उरलेल्या ७१ दारांना दोन-दोन, म्हणजे एकूण १५१ अंक लागतील. कुणी म्हणेल, दहाही अंक पंधरा-पंधरा आणा, एखादा वर घ्या. तसे आणले तर काम अडेल! १ ते ७ हे अंक प्रत्येकी १८ लागतात, ८ लागतो ९ वेळा, तर ९ आणि ० प्रत्येकी ८ वेळा. एकीकडे अंक कमी पडतील, दुसरीकडे उरलेले पडून राहतील.

इथेच हिशेबनीसाची सवय कामाला येते. सगळे अंक वेगवेगळे मोजा आणि बेरीज करा. सात गुणिले १८ म्हणजे १२६, त्यात ९, ८ आणि ८ मिळवले की १५१. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला, ताळा जमला. ताळा जमला नाही तर चूक कुठे तरी आहेच, आणि ती उत्तरपत्रिका देण्याआधी सापडली तर गुण वाचतो.

याला क्लासची फी लागत नाही. रात्री जेवणे झाल्यावर वही घेऊन मुलांजवळ बसावे. आपले शिक्षण कमी आहे म्हणून आईबापांनी संकोच करू नये. मुलाने उत्तर सांगितले की एवढेच विचारावे, ‘ताळा केलास का?’ आधी १ ते ५० मध्ये ४ किती वेळा येतो ते काढायला लावा. उत्तर १५ आले पाहिजे. ते का आले, हे मुलाला सांगता आले तर तक्ता घोकायची गरज उरणार नाही.