प्लॅस्टिकचा सांधा आणि द्रवरूप सिमेंट

स्मरणिकेसाठी यंदा वैद्यकाबाहेरचा एखादा विषय घ्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून विमानांच्या लघुप्रतिकृती जुळवणे हा माझा अनेक वर्षांचा छंद असल्याने विषय शोधावा लागला नाही. शिवाय दर मे महिन्यात व्यवसायबंधूंचे दूरध्वनी येतातच. सुट्टीत मुलासाठी किंवा नातवासाठी संच आणलेला असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हे चिकटवायचे कशाने? फेविकॉल चालेल की फेविक्विक?" या साध्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चिकटवणे नव्हे, एकजीव करणे

या संचांचे भाग बहुतांशी पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे असतात. फेविकॉलसारखा गोंद दोन पृष्ठभागांच्या मधे थर होऊन बसतो. द्रवरूप सिमेंटचे काम निराळे आहे. त्यातील द्रावक पॉलिस्टायरीनचा वरचा पापुद्रा मऊ करतो. तेथील लांबलचक रेणुसाखळ्या सैल होतात, समोरच्या भागातील साखळ्यांत गुंततात आणि द्रावक उडून गेला की दोन्ही भागांचे प्लॅस्टिक एकच होते. आपल्या भाषेत सांगायचे, तर गोंद म्हणजे बाहेरून बांधलेली पट्टी आणि सिमेंट म्हणजे हाडाचे प्रत्यक्ष जुळून येणे.

एवढे ध्यानात घेतले की पुढचे नियम आपोआप उलगडतात. सांध्याच्या जागी रंग असेल तर तो आधी खरवडून काढावा, कारण सिमेंटची गाठ प्लॅस्टिकशी पडायला हवी, रंगाशी नव्हे. पॉलिथिनच्या भागांवर या सिमेंटचा काहीच परिणाम होत नाही, कारण हा द्रावक त्यांना विरघळवू शकत नाही. आणि जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबुती हा समज तर सर्वस्वी चुकीचा. जास्त सिमेंट म्हणजे केवळ जास्त वितळलेले प्लॅस्टिक.

निवड कशी करावी?

ढोबळमानाने दोन प्रकार पुरतात. पहिला दाट. यात द्रावकाबरोबर थोडी राळही विरघळवलेली असते, त्यामुळे ते सावकाश वाळते आणि भाग सरळ करून घ्यायला अवधी मिळतो. तामिया कंपनीचे साधे सिमेंट आणि सुईसारखी नळी असलेले रेव्हेलचे कॉन्टॅक्टा या वर्गातले. दुसरा प्रकार पाण्यासारखा पातळ. हिरव्या झाकणाचे तामियाचे एक्स्ट्रा थिन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ते मुख्यतः ॲसिटोन आणि ब्युटाइल ॲसिटेट यांचे मिश्रण आहे. संत्र्याच्या सालीतून मिळणाऱ्या लिमोनीनवर आधारलेले सिमेंटही मिळते. त्याचा वास सौम्य असतो आणि ते जरा संथ चालते. मालव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पातळ सिमेंट पाहता पाहता उडून जाते, म्हणून लांब सांध्यांसाठी मी दाट प्रकारच पसंत करते.

लावण्याची रीत

उदाहरणादाखल १:७२ प्रमाणातील नॅट विमान घेऊ. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी १९७१ च्या युद्धात श्रीनगरच्या आकाशात झुंज दिली आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवले, ते याच विमानातून. या प्रमाणात ते वीतभराहूनही लहान होते.

धडाचे डावे-उजवे भाग आधी कोरडेच जुळवून पाहावेत. मग दोन्ही कडांवर दाट सिमेंटचा बारीक हात फिरवावा, काही क्षण थांबावे आणि भाग एकमेकांवर दाबावेत. सांध्यातून मऊ प्लॅस्टिकचा एक दोरा वर येईल; तो पुसू नये, त्यानेच फट भरते. किमान एक दिवस वाळू देऊन मग तो बारीक पॉलिश पेपरने घासावा. घाई केली तर आत अडकलेला द्रावक नंतर उडतो, प्लॅस्टिक आकसते आणि रंग दिल्यावर त्या जागी खाच उमटते.

पंख व शेपूट यांसाठी पातळ सिमेंट घ्यावे. भाग आधी जागेवर धरावेत आणि भिजलेल्या कुंचल्याचे केवळ टोक फटीला टेकवावे. केशाकर्षणाने द्रव स्वतःच फटीतून धावतो. मात्र बोट फटीवर असेल, तर तो बोटाखालीही शिरतो आणि विमानावर आपला ठसा कायमचा उमटतो. म्हणून बोटे सांध्यापासून दूर हवीत.

वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक छताला सिमेंट लावू नये. ते धुरकटते किंवा तडकते. फेविक्विकच्या जातीच्या गोंदाच्या वाफेनेही त्यावर पांढरी झाक येते. इथे मात्र फेविकॉलच उत्तम : पाण्याने पुसता येते आणि वाळल्यावर दिसतही नाही.

बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीतून

जो द्रावक प्लॅस्टिक विरघळवतो, तो फुप्फुसांतून रक्तात आणि मेंदूतही सहज पोहोचतो. पूर्वी अशा सिमेंटमध्ये टोल्यूइन असे. १९६० च्या दशकात अमेरिकेत मुले ते मुद्दाम हुंगू लागली, तेव्हा टेस्टर्स कंपनीने १९६९ मध्ये आपल्या सिमेंटमध्ये मोहरीचे झोंबणारे तेल घातले. टोल्यूइन हुंगल्याने हृदयाची लय बिघडून अकस्मात मृत्यू येऊ शकतो. दीर्घकाळच्या सवयीने मेंदूतील श्वेतद्रव्य आणि मूत्रपिंडातील नलिका यांची हानी होते. काही सिमेंटांत डायक्लोरोमिथेन असे. शरीरात त्याचा काही अंश कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो. अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या घरगुती वापरावर बंदी आणली. बाटलीवर ही दोन नावे दिसली, तर ती बाटली मुलाच्या खोलीत नको.

उरलेल्या द्रावकांसाठीही काही पथ्ये आहेत. खिडकी उघडी असावी. या वाफा ज्वालाग्राही आणि हवेपेक्षा जड असतात. म्हणून निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल किंवा गॅसची शेगडी जवळ नसावी. बाटली कलंडू नये म्हणून लाकडी ठोकळ्यात खाच पाडून तीत बसवावी आणि काम होताच झाकण घट्ट लावावे. डोळ्यात थेंब गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवून नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. मुलाने सिमेंट गिळल्यास, रॉकेलप्रमाणेच, उलटी करवू नये; द्रव श्वासमार्गात शिरून न्यूमोनिया होण्याचे भय असते. अशा मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. दहा वर्षांखालील मुलांसाठी दाबून बसणारे, सिमेंट न लागणारे संच मिळतात. सुरुवात त्यांनीच करावी, असे माझे मत आहे.

एवढी काळजी घेतली तर या छंदासारखा शिक्षक नाही. बोटांचे नेमके बळ, कोरडे जुळवून पाहण्याची शिस्त आणि चोवीस तास हात न लावता थांबण्याचा संयम मुले त्यातून शिकतात. यांपैकी शेवटचा गुण आपल्याही व्यवसायात पदोपदी उपयोगी पडतो. येत्या सुट्टीत आपल्या घरी संच आलाच, तर मुलाला एकटे बसवू नका. खिडकी उघडून त्याच्या शेजारी आपणही बसा, एवढीच विनंती.