इंटरनेटवर शिकलेला बिगुल

गेल्या जुलैत कारगिल विजय दिवसाच्या तालमीच्या वेळी घडलेला प्रसंग. आठवीतला एक कॅडेट उन्हाळी सुट्टीत घरून बिगुल शिकून आला होता. गावात शिकवणारे कोणी नव्हते. मामांनी आणून दिलेला जुना बिगुल आणि वडिलांचा मोबाईल, एवढ्या भांडवलावर पोराने दीड महिना कसून मेहनत केली होती. २६ जुलैला हुतात्म्यांना मानवंदना देताना 'लास्ट पोस्ट' आपण वाजवावी, ही त्याची मनीषा.

तालमीला तो पुढे आला, सावधान उभा राहिला आणि वाजवू लागला. स्वर स्वच्छ, दम पुरेसा, कुठे फाटका आवाज नाही. आम्ही दोघे-तिघे शिक्षक एकमेकांकडे कौतुकाने पाहू लागलो. आमचे बँडचे उस्ताद मात्र मान खाली घालून ऐकत होते. (लष्करात शिकवणाऱ्या हवालदारालाही उस्तादच म्हणतात, गाणे शिकवणाऱ्यासारखे. मला हे नेहमी आवडत आले आहे.) वाजवून झाल्यावर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बहुत बढ़िया बजाया बेटा. पर ये हमारा नहीं है."

पोराने शिकली होती ती अमेरिकन सैन्याची 'टॅप्स'. सैनिकाला निरोप देणारी बिगुलाची धून म्हणून त्याने शोध घेतला, आणि जे सर्वांत वर आले ते खरे मानले. चूक समजण्यासारखी आहे. दोन्ही धुना सैनिकाच्या अंत्यसंस्काराला वाजतात, दोन्ही संथ आहेत, आणि बिगुल ऐकण्याची सवय नसलेल्याला दोन्ही सारख्याच वाटतात. बिगुलाला पेटीसारख्या पट्ट्या नसतात की बासरीसारखी छिद्रे नसतात. ओठ कमी-जास्त आवळून त्या नळीतून जे मोजके स्वर निघतात, त्यांतच जगातल्या सगळ्या सैन्यांच्या हाका बसवलेल्या आहेत. 'टॅप्स' तर अवघ्या चार स्वरांची आहे. तेव्हा फरक स्वरांचा फारसा नसतो, ते कोणत्या क्रमाने आणि किती लांबीने येतात याचा असतो.

'लास्ट पोस्ट' आपल्याकडे ब्रिटिश परंपरेतून आली. छावणीतल्या रात्रीच्या पहाऱ्याची तपासणी पुरी झाली, शेवटची चौकी पाहून झाली, याची ती खूण. तिच्यानंतर मौन आणि मौनानंतर 'राउझ', म्हणजे उठण्याची हाक, असा क्रम असतो. 'टॅप्स'चा जन्म वेगळा. १८६२ साली अमेरिकन यादवी युद्धात जनरल डॅनियल बटरफील्ड यांना दिवे मालवण्याची जुनी हाक आवडेना. त्यांनी आपल्या ब्रिगेडचा बिगुलवाला ऑलिव्हर नॉर्टन याला तंबूत बोलावले आणि स्वर कुठे लांबवायचा, कुठे आखडायचा हे सांगून नवी धून बसवून घेतली. त्या रात्री ती वाजली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या ब्रिगेडींमधले बिगुलवाले नॉर्टनकडे आले आणि त्यांनी तिची नक्कल मागून नेली. हे नॉर्टननेच पुढे लिहून ठेवले आहे. एक चांगली धून कानावर पडली की ती मागून नेण्याची ओढ इंटरनेटच्या आधीही होती. फरक इतकाच, की त्या बिगुलवाल्यांना नॉर्टनच्या तंबूपर्यंत चालत जावे लागले होते आणि ही हाक कोणाची, कशासाठी, हे तिथेच कळले होते.

तालमीनंतर शिक्षकांच्या खोलीत चर्चा झालीच. "म्हणून तर मोबाईल नको म्हणतो," असे एकजण म्हणाले. पालकसभेतही हा सूर नेहमीचा आहे. मला तो अर्धाच पटतो. दीड महिन्यात त्या मुलाने बिगुलातून नीट आवाज काढला, हे त्या मोबाईलमुळेच झाले. बिगुलवाला नसलेल्या गावात वीस वर्षांपूर्वी तो काय करणार होता?

आणि हा वाद काही आजचा नाही. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रित झाले आणि यंत्रातून गाणे ऐकण्याचे युग आपल्याकडे सुरू झाले. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत कसा मांडायचा? अनेकांनी तो मांडला. काहींनी नकार दिला. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते, पण त्यांनी आपले गाणे ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही. आज त्यांचा आवाज आपल्याला ऐकायला मिळत नाही; ऐकायचा तो त्यांच्या शिष्यांच्या गळ्यातून. त्यांचा निर्णय बरोबर की चूक, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. हळहळ मात्र वाटते.

त्याच काळात पंडित विष्णु नारायण भातखंडे, पेशाने वकील, गावोगाव फिरून उस्तादांकडच्या चिजा स्वरलिपीत उतरवून घेत होते आणि मराठीतून छापत होते. ज्या चिजा घराण्याबाहेर जात नसत, त्या विकत मिळणाऱ्या पुस्तकात आल्या. पुस्तकात पाहून गाणे येते काय, असे लोकांनी तेव्हाही विचारले. एकट्या पुस्तकाने ते येत नाही, हे भातखंडे यांनाही ठाऊक असावे. ग्वाल्हेर आणि लखनौ इथे संगीताची महाविद्यालये उभी राहण्यात त्यांनी पुढाकार घेतला तो काय उगाच?

पण मला सर्वांत जास्त आठवते ती भीमसेन जोशी यांची गोष्ट. गदगच्या या मुलाने एका दुकानात अब्दुल करीम खाँ यांची तबकडी ऐकली. वय अकराच्या आसपास. असे गाणे आपल्याला आले पाहिजे, या एका वेडाने १९३३ साली तो घरातून निघून गेला. आगगाडीत विनातिकीट, प्रवाशांना गाणी ऐकवत. ग्वाल्हेरला पोहोचला, उत्तरेत भटकला, पार जालंधरपर्यंत गेला. अखेर १९३६ साली गुरू भेटले ते सवाई गंधर्व, अब्दुल करीम खाँ यांचेच शिष्य, आणि तेही गदगपासून फार दूर नसलेल्या कुंदगोळला! (कॅडेट मित्रांनो, यातला पळून जाण्याचा भाग अनुकरणासाठी नाही.) तबकडी पुरेशी असती तर तो मुलगा दुकानासमोरच बसून राहिला असता. तबकडीने त्याला माणूस शोधायला घराबाहेर काढले.

आता माणूस समोर असणे आणि पडद्यावर असणे यांतला फरक. तो मला २०२० च्या गणेशोत्सवात उमगला. आम्ही घमापूरला राहतो. गल्लीत मराठी घरे मोजकी, पण आरतीला हिंदी भाषक शेजारीही टाळ्या वाजवायला येतात आणि मराठी शब्द आपल्या वळणाने म्हणतात. त्या वर्षी कोणीच येऊ शकत नव्हते. म्हणून पुण्याचे दीर, नागपूरची नणंद आणि आम्ही अशी तिघांची आरती व्हिडिओ कॉलवर करायची ठरली. पहिल्या कडव्यातच सगळे कोसळले. पुण्याच्या टाळ्या आमच्या मागे, नागपूरचे शब्द पुण्याच्याही मागे. प्रत्येकाला वाटे, दुसराच रेंगाळतोय. सासूबाईंनी शेवटी फोन पालथा घातला आणि म्हणाल्या, "आधी आपण म्हणू, मग त्यांना म्हणू द्या."

असे का होते? परेड मैदानावरचे उदाहरण घेऊ. आवाज हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. तेज चालीत मिनिटाला १२० पावले, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. ढोलापासून १०० मीटर दूर असलेल्या कॅडेटला ठोका सुमारे ०.२९ सेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे अर्ध्या पावलाहून जास्त. तो अगदी ठोक्यावर पाऊल टाकत असला तरी ढोलाजवळच्या कॅडेटशी त्याचे पाऊल जुळत नाही. सोबत वाजवणाऱ्या वादकांना साधारण २० ते ३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालून जातो, म्हणजे सात ते दहा मीटर अंतर. त्यापलीकडे लय ओढल्यासारखी होते.

इंटरनेटवर हे अंतर किती? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जबलपूर ते पुणे केबल १,००० किलोमीटरची धरली तरी जाण्यास लागतात ५ मिलिसेकंद. म्हणजे दोष अंतराचा नाही. फोन आवाजाचे बारीक तुकडे करतो, ते दाबून लहान करतो आणि पाठवतो. वाटेत काही तुकडे मागे-पुढे होतात, म्हणून पलीकडचा फोन थोडे थांबून, ते ओळीत लावून मग वाजवतो. या सगळ्यात दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. गुरूने 'सा' लावला, शिष्याने तो उशिरा ऐकून त्यावर 'सा' लावला आणि तो परत गुरूपर्यंत पोहोचला, की दोन्ही वाटांचा उशीर मिळून अर्ध्या पावलाहून जास्त होतो. आपल्या जबलपुरातच सिग्नल ट्रेनिंग सेंटर आहे. तिथल्या कोणालाही विचारा, हे गणित तो माझ्यापेक्षा चांगले समजावून देईल.

शिवाय फोनला संगीत आणि गोंगाट यांतला भेद नीट कळत नाही. संभाषण स्पष्ट ऐकू यावे म्हणून तो मागचा एकसारखा आवाज पुसून टाकतो. पंखा, कूलर आणि तानपुरा, त्याच्या लेखी तिन्ही एकच. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण व्हिडिओ कॉलच्या लेखी तो कूलरच! दोघे एकदम गाऊ लागले तर एकाचा आवाज दाबलाही जातो. काही ॲपमध्ये ही सफाई बंद करण्याची सोय असते. ऑनलाइन शिकवणी लावलेल्या पालकांनी ती जरूर शोधावी. तरीसुद्धा गुरू-शिष्याने एकत्र गाण्याचा भाग राहतोच. त्यात शिष्य चुकतो तिथे गुरूचा आवाज त्याला हाताला धरल्यासारखा पुढे नेतो. आमचे उस्ताद बिगुल शिकवताना मुलाच्या पोटावर तळहात ठेवतात, दम कुठून येतोय ते पाहायला. व्हिडिओत दिसतात ते फक्त वाजवणाऱ्याचे फुगलेले गाल, आणि गाल तर फुगवायचे नसतात.

नवे काही सुचण्याच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. गेल्या वर्षी आंतरसदन समूहगानाला चारपैकी तीन सदनांनी एकच गाणे निवडले. एकमेकांचे पाहून नव्हे. सुट्टीत तिघांच्याही फोनवर तेच पुन्हा पुन्हा आले होते. एकदा ऐकले त्यासारखेच पुढे आणून ठेवायचे, अशी त्या यंत्राची रचना आहे. कुमार गंधर्व बालपणी तबकड्या ऐकून मोठमोठ्या गायकांचे गाणे हुबेहूब गाऊन दाखवत. तेवढ्यावर ते थांबते तर नामांकित नकलाकार झाले असते. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिक्षण झाले आणि १९४८ साली क्षयाच्या आजारामुळे आपल्याच मध्य प्रदेशातल्या देवासला येऊन राहावे लागले. गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत माळव्याची लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली आणि त्यातून त्यांचे स्वतःचे गाणे घडले. ती गाणी त्यांच्यासमोर कोणी निवडून आणून ठेवली नव्हती.

उलट बाजूचेही सांगायला हवे. आमच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवणारा कोल्हापूरकडचा कॅडेट इंटरनेटवर हलगीचे ठेके शोधायचा. त्यातला एक वादक त्याच्याच तालुक्यातला निघाला. दिवाळीच्या सुट्टीत हा त्याच्या घरी जाऊन चार दिवस शिकून आला, आणि आता सरावाच्या शेवटी साइड ड्रमवर हलगी उतरवायची खटपट चालू असते. ड्रिलच्या साहेबांना ती अद्याप पसंत नाही.

बिगुलवाल्या मुलाचे काय झाले? २६ जुलैला बारावीच्या कॅडेटने लास्ट पोस्ट वाजवली. हा रांगेत उभा होता. दुसऱ्या दिवसापासून तो रोज पहाटे उस्तादांकडे जाऊ लागला. उस्ताद ज्या पचमढीच्या लष्करी संगीत शाखेत शिकले, तिथल्या गोष्टी ऐकता ऐकता जुने वळण मोडायलाच दोन महिने गेले. १५ जानेवारीला, सेना दिवसाच्या सकाळी, त्याला उभे केले. थंडी होती, वरचा एक स्वर किंचित चिरकला, बाकी नीट झाले. त्याचे आजोबा सैन्यातून निवृत्त झालेले, गावाकडे असतात. वडिलांनी फोन समोर धरून ठेवला होता. गावाकडचे नेटवर्क यथातथाच. मौन संपले, राउझ वाजून झाली, मैदानावर सगळे विश्राम झाले, तरी पडद्यावर आजोबा अजून सावधान उभे होते.